टोमॅटोला आज काय भाव?

सोमवार, १ सप्टेंबर

ही डायरी धाकट्यानं दिली. बियाण्यांच्या कंपनीची, फुकट आलेली, इतके महिने कोरी पडलेली. "बाबा, रोज गाळ्यावर येऊन हमालांना सल्ले देत बसता, त्यापेक्षा घरी काहीतरी लिहीत जा," म्हणाला. गाळा मी उभा केला, खुर्ची मी घेतली, पोरगाही माझाच. आणि बसायची जागा मला डायरीत दाखवतो. डायरी घेऊन घरी आलो. भांडायलासुद्धा अंगात जोर लागतो.

भाजीच्या घाऊक बाजारात जन्म गेला. हमाल म्हणून शिरलो, लिलाव पुकारणारा अडत्या होऊन बाहेर पडलो. आता घसा बसला, गुडघे बोलायला लागले आणि मागच्या महिन्यात रक्तात साखर निघाली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मालाचा भाव केला. माझा भाव डॉक्टरनं एका चिठ्ठीवर करून टाकला. पांढरं सगळं बंद. साखर पांढरी, भात पांढरा, पाव पांढरा. "मिशी चालेल का?" मी विचारलं. डॉक्टर हसला नाही.

आमच्या हिनं स्वयंपाकघराच्या दारावर तक्ता लावलाय. हिरवी खूण म्हणजे शहाणा, लाल फुली म्हणजे गुन्हेगार. सकाळी विचारते, "चहात साखर घातलीत?" मी म्हटलं, "चमचा नुसता दाखवला." लाल फुली.

संध्याकाळी थोरली आली. ती शाळेची मुख्याध्यापिका. पोरं डब्यात वेफरची पाकिटं आणतात, भाजी बघितली की तोंड फिरवतात, भाषणं देऊन थकली म्हणे. "बाबा, तुम्ही आठवड्यातून दोन-तीनदा या. चांगलं खाणं खेळातून शिकवा."

"मला सहावी पुरी करता आली नाही, आणि मास्तर करतेस?"

"मास्तर भरपूर आहेत. ज्याचं लोक ऐकतात असा माणूस हवाय."

पोरगी कुणाची आहे! माल कसा खपवायचा ते तिला बरोबर कळतं. हो म्हणून बसलो.

बुधवार, ३ सप्टेंबर

तिसरीचा वर्ग. वरच्या मजल्यावर, म्हणजे जिने. कठड्याला धरून चढलो, मध्ये एकदा भिंतीवरचे सुविचार वाचल्यासारखं करून दम खाल्ला. मधल्या सुट्टीच्या आधीचा तास मला दिलाय. तास संपला की पोरं तिथंच डबे उघडतात.

वर्गबाई तरुण आहे. चष्म्यावरून माझ्याकडे अशी बघते, जणू न मागवलेलं क्रेट कुणी दारात आणून टाकलंय.

आज काही शिकवलं नाही. खुर्चीत बसलो आणि डोळे मिटून ऐकलं. कान हेच माझं भांडवल. गिऱ्हाईक घसा कसं खाकरतं त्यावरून ते किती वर जाणार हे मला कळायचं. कलिंगडाला टिचकी मारली की आतला रंग सांगायचो. तर ऐकलं. पाकिटं फाडल्याचे आवाज, बिस्किटांची कुडकुड, पंख्याची खटखट, आणि या सगळ्याच्या खाली एक बारीक गुणगुण. भुंगा फिरावा तशी.

डोळे उघडून शोधलं. खिडकीपाशी एक पोरगी, पुढचे दोन दात मोठे. डब्यात नुसता मीठ घातलेला भात. लहान लहान घास करून खात होती, आणि घास तोंडात असेपर्यंत गुणगुणत होती. घास संपला की बंद. पुढचा घास, पुन्हा सुरू. वर्गात तिला खारूताई म्हणतात.

"काय गं, गाणं म्हणतेस?"

"मी कुठं?" म्हणाली. "भात म्हणतो."

दुसरी एक भेटली, दोन वेण्या, बोट कायम वर. "आजोबा, पाकिटावर टोमॅटोचं चित्र आहे. मग ही भाजीच झाली ना?" हिला मी जागच्या जागी वकीलबाई करून टाकलं. आणि एक पैलवान आहे. अंगावर मांस औषधाला नाही, पण इतरांचे डबे उचलून धरण्यात पटाईत.

घरी आलो आणि बूट न काढताच पलंगावर आडवा झालो.

सोमवार, ८ सप्टेंबर

खेळ सुचला. मला सुचून सुचून काय सुचणार? लिलाव.

हिचा शिवणाचा बटणांचा डबा मागून घेतला. "माझी बटणं परत आली पाहिजेत," ही म्हणाली, "नाहीतर शर्ट उघडे टाकून फिरा." नियम सोपा. पोरांनी डबा वर धरायचा, मी खुर्चीतून भाव पुकारायचा, तेवढी बटणं त्याची. आठवड्याअखेर ज्याची बटणं जास्त तो वर्गाचा शेठ, त्यानं माझ्या खुर्चीत बसायचं. फळ्यावर भाव लिहिले. टोमॅटो, गाजर, काकडी वरच्या भावात. फळं त्याखाली, अंडं त्याखाली. पाकीट शून्य. बिस्किटं शून्य. पाव शून्य, भात शून्य.

वर्गबाईनं विचारलं, "भातालासुद्धा शून्य?"

"पांढरा माल. उठाव नाही."

"पण आजोबा, वाढती मुलं आहेत."

"बाई, डॉक्टरनं लिहून दिलंय." कुणाला लिहून दिलंय ते तिनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

मग पुकारा सुरू केला. बसलेल्या घशातून जुना आवाज निघाला हो! पोरं बाकांवर उभी राहिली. शेजारच्या वर्गातली दारात जमली. कितीतरी दिवसांनी वाटलं, आपण अजून विकायच्या लायकीचे आहोत.

बुधवार, १० सप्टेंबर

पाकिटं निम्म्यावर आली. दोन दिवसांत! थोरली जिन्यात भेटली, शाळेत ती मला 'आपण' म्हणते, म्हणाली, "आपण तर जादूच केलीत." मी म्हटलं, "जादू कसली, भाव पडला की माल आपोआप बाजारातून जातो."

खारूताईच्या डब्यात आजही भात होता. मी पुकारलं, "भात! शून्य!" सगळी हसली, तीही हसली. खेळातल्या गमतीचाच भाग आहे.

उतरताना गुडघ्यांनी बंड केलं. गाळ्याकडे जायचं म्हणून निघालो आणि वाटेतल्या बेकरीत बसलो. बेकरीवाला जुना दोस्त. एक क्रीमरोल खाल्ला. डॉक्टर म्हणतो त्यात काही अर्थ असेल, पण दमलेल्या माणसाला काहीतरी लागतं. हिला कशाला सांगायचं? उगाच लाल फुली.

सोमवार, १५ सप्टेंबर

आज डबे वर झाले आणि मी बघतच राहिलो. लाल, हिरवं, नारिंगी. आमच्या गाळ्याची पहाटेची मांडणी वाटावी. एकही पाकीट नाही, बिस्किटाचा तुकडा नाही. खारूताईच्या डब्यातही टोमॅटो! चांगला पोसलेला, देठाजवळ नखाएवढा व्रण. "टोमॅटो, दहा बटणं!" पुकारलं. तिनं डबा पटकन मिटून मांडीवर ठेवला.

वर्गही किती शिस्तीत आलाय! मधल्या सुट्टीत पूर्वीचा तो गलका नाही. पोरं डब्याची झाकणं उभी धरून, मान खाली घालून मुकाट्यानं खातात. चघळल्याचासुद्धा आवाज नाही. वर्गबाईला म्हटलं, "बघा, खेळातून शिस्तही येते." तिनं नुसता चष्मा पुसला. हेवा वाटत असेल.

गुडघ्यांमुळे मी खुर्चीतूनच भाव करतो. पोरं लांबून दाखवतात तेवढं पुरतं, डोळे अजून शाबूत आहेत.

येताना बेकरी. घरी आल्यावर हिनं माझ्या मिशीकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. सगळी पांढरी झालीय, त्याचं वाईट वाटत असेल बिचारीला. तक्त्यावर आज हिरवी खूण मिळाली.

बुधवार, १७ सप्टेंबर

शाळेच्या फाटकात एक बाई थांबल्या होत्या. खारूताईची आई. इस्पितळाच्या धुलाईखान्यात रात्रपाळी करतात, तिथूनच आलेल्या. हाताची बोटं साबणानं सोललेली, डोळ्यांत झोप.

"तुम्हीच ते भाववाले आजोबा?"

"मीच."

"टोमॅटोला आज काय भाव?"

"बाजारात की वर्गात?"

"वर्गात."

"दहा बटणं."

"म्हणजे उतरला नाही ना?" त्यांना खरंच हायसं वाटलं. "काय करणार हो, पोरगी ऐकत नाही. भात डब्यात घालूच नको म्हणते. मी म्हटलं, टोमॅटो रोज घेत जाऊ. तर म्हणते, रोज कशाला, एकच पुरतो. शाळेतून आली की मात्र भाताचं पातेलं पुसून काढते. भूक वाढलीय."

"वाढीचं वय," मी म्हटलं.

"तेच म्हणते मी." आणि त्या झोपायला गेल्या.

पोर काटकसरी आहे. असा नोकर गाळ्यावर मिळाला असता तर मी कुठल्या कुठं गेलो असतो. आज डब्यात तिचा टोमॅटो होताच. देठाजवळ तसाच व्रण. एकाच वाफ्यातला माल असावा, एका वाफ्याला रोग एकच लागतो.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

लिहायचा कंटाळा आलाय. वकीलबाई वर्गाची शेठ झाली. बटणांची पिशवी भरून वाहतेय. रोज एकच गाजर आणते, तेही वर्गात कुठंकुठं फिरताना दिसतं, तरी एवढी बटणं कशी? माझ्या खुर्चीत बसून पाय हलवत होती. तिला म्हटलं, "शेठ, धंदा काय करता?" तर म्हणते, "आजोबा, धंद्याचं वर्गात बोलत नाहीत." वा!

तीन जिने चढल्यासारखा एक जिना चढतो मी. पंखा खटखटत होता आणि बाकी सगळं शांत. इतकं शांत की मला मध्येच डुलकी लागली. काहीतरी ऐकू येत नाहीये असं वाटत राहिलं. काय, ते आठवेना.

सोमवार, २२ सप्टेंबर

कसं लिहू?

लिलाव चालू होता. खारूताईचा नंबर आला. ती उभी राहिली, डबा वर धरला आणि डब्यासकट खाली बसली. पडली म्हणता येणार नाही. पोतं हातातून सोडलं की बसतं तशी. टोमॅटो बाकांखालून घरंगळत माझ्या पायाशी आला.

वर्गबाई धावल्या. त्यांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं, कुणाला तरी साखरेचं पाणी आणायला पिटाळलं. मी खुर्चीतून वाकलो आणि टोमॅटो उचलला. हातात आला आणि हाताला कळलं. साल सुरकुतलेली, आत पाणी झालेलं. देठाजवळचा व्रण काळा पडलेला. हा टोमॅटो शाळेत पहिल्यांदा आलेला नव्हता. आठवडाभर रोज येत होता आणि रोज घरी जात होता. मी दर वेळी त्याला दहा बटणं देत होतो. आणि डब्यात त्याच्याशिवाय काही नव्हतं. भाताला शून्य, म्हणून भात घरी. टोमॅटो उद्या दाखवायचा, म्हणून तो खायचा नाही.

बाकांमधून चालत गेलो. पैलवानाच्या डब्यात काकडीच्या चकत्या, चकत्यांखाली पाव. दुसऱ्याच्या डब्यात पालकाचं एक पान, पानाखाली पाकीट. झाकणं उभी धरून खातात ती यासाठी. वकीलबाई रडत रडत म्हणाली, "आजोबा, मी फक्त गाजर भाड्यानं देत होते. एका दाखवण्याला दोन बटणं. माझी चूक आहे का?"

बाजारात याला वरचा थर म्हणतात. क्रेटमध्ये वर निवडक माल लावायचा, खाली मऊ, फुटका, उरलेला. नवा व्यापारी वर बघतो आणि फसतो. मी? मी कधी कोपरापर्यंत हात आत घातल्याशिवाय बोली लावली नाही. लोक म्हणायचे, याच्या हाताला डोळे आहेत. आणि इथं, आठ-नऊ वर्षांच्या पोरांनी माझ्यासमोर वरचा थर लावला, आणि मी गुडघे दुखतात म्हणून खुर्चीतून पुकारत बसलो.

पांढऱ्या साखरेच्या पाण्यानं पोरगी डोळे उघडून बसली. पहिला प्रश्न, "टोमॅटो फुटला का?"

थोरलीनं खोलीत बोलावलं. दार लावलं, आणि शाळेत पहिल्यांदाच 'बाबा' म्हणाली.

"बाबा, उद्या येऊ नका."

"कायमचं?"

"उद्या तरी नका." तिचा आवाज मला ओळखीचा आहे. लहानपणी गाळ्यावरून मी तिचा वाढदिवस विसरून आलो की असा यायचा.

मंगळवार, २३ सप्टेंबर

घरी. दिवसभर पलंगावर. छताला एक चीर आहे, ती कुठून कुठं जाते हे आता मला पाठ झालं.

ही आली, चहा ठेवला. साखर होती चहात. तिनं घातली की चुकून पडली, विचारलं नाही.

"आता काय करणार?"

"पोरीला जाऊन चुकलं म्हणणार."

"चुकलं म्हटल्यानं पोट भरतं का तिचं?"

"मग काय करू? मला एवढंच येतं. भाव करता येतो."

"एवढंच येत असतं तर हमालीच करत राहिला असतात," ही म्हणाली आणि कप घेऊन गेली. बायको घालूनपाडून बोलली की निदान कळतं अजून आपल्याकडून काही अपेक्षा आहे.

संध्याकाळी धाकट्याला म्हटलं, शाळेच्या दिवशी एक क्रेट मला लागेल, सगळ्या भाज्या मिसळून, चांगल्या मालाचं.

"बाबा, गाळा आहे की अन्नछत्र?"

"खालपर्यंत चांगला," मी म्हटलं. "मी हात घालून बघणार आहे."

गुरुवार, २५ सप्टेंबर

गेलो. थोरलीनं अडवलं नाही, पण खिडकीतून बघत होती. क्रेट पैलवान आणि आणखी दोघांनी ओढत वर नेलं.

फळ्यावरचे भाव मी स्वतः पुसले. खडूची धूळ नाकात गेली, शिंका आल्या, पोरं हसली नाहीत. खारूताई तिच्या जागेवर होती. समोर डबा, मिटलेला.

खुर्ची भिंतीकडे सारली. खिशातून जुना मोठा रुमाल काढला आणि पोरांना सांगितलं: आमच्या बाजारात मोठा सौदा असला की तोंडानं बोलत नाहीत. दोघांचे हात रुमालाखाली, आणि बोटं दाबून भाव सांगायचा. शेजारी उभा असलेल्यालाही कळत नाही. आणि रुमालाखाली जो खोटं बोलतो, त्याच्याशी पुन्हा कुणी सौदा करत नाही.

"आज मी प्रत्येकाला एकच विचारणार. आत्ता पोटात भूक किती? नसेल तर मूठ. थोडी असेल तर एक बोट. कडकडून असेल तर पाच."

"आणि खरं सांगितलं तर बटणं किती?" वकीलबाई.

"बटणं बंद. बटणं माझ्या बायकोची आहेत."

बाकाबाकाशी गेलो. वाकलो. गुडघे ओरडत होते, ओरडू दिले. पैलवानानं चार बोटं दाबली, आणि मी इतके दिवस समजत होतो की हा नुसता मस्तीखोर. वकीलबाईनं दीड; अर्धं बोट दुमडून दाबायची युक्ती तिची तिनंच काढली. कुणी मूठ, कुणी तीन.

खारूताईनं हात रुमालाखाली घातला.  मग एकेक करत पाचही बोटं. मी हात काढणार, एवढ्यात तिचा दुसरा हातही रुमालाखाली आला.

मला तिथून उठताच येईना. पोरांना वाटलं गुडघ्यांमुळे.

हळूच म्हटलं, "उद्यापासून भात आण."

"त्याला भाव नाही."

"भाव करणारा तो म्हातारा गेला. मी दुसरा आहे."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "मिशी तीच आहे."

वर्गबाईंनी स्वतःचा डबा उघडून तिच्यासमोर ठेवला. क्रेटमधली गाजरं, काकड्या धुऊन सगळ्यांना दिल्या. खारूताईनं खाल्लं. भराभर, आवाज न करता. आणि तेव्हा मला आठवलं इतके दिवस काय ऐकू येत नव्हतं ते.

सोमवार, २९ सप्टेंबर

नवा खेळ काढला. कानांचा. एकानं कपाटाच्या दाराआड जायचं, क्रेटमधलं काहीतरी चावायचं. बाकीच्यांनी डोळे मिटून नुसत्या आवाजावरून ओळखायचं. गाजर कडाक् तुटतं, काकडी पाणी पीत तुटते, सफरचंद आधी चर्र करतं मग कुरकुर. आणि पालकाचा आवाज ओळखणाऱ्याला मी गुरू करायला तयार आहे. खेळात भाग घ्यायचा तर चावावंच लागतं. पैलवानानं सरावासाठी तीन काकड्या मागितल्या. वकीलबाईनं आक्षेप घेतला की कपाटाचं दार करकरतं, म्हणून निकाल रद्द करा. पालकाचं पान पहिल्यांदाच तोंडात घातलेली पोरं तोंड वाकडं करत होती, पण थुंकलं कुणी नाही, कारण थुंकल्याचा आवाज आला तर हरले.

मधल्या सुट्टीत खारूताईनं डबा उघडला. भात. शेजारी क्रेटमधला एक टोमॅटो, ताजा, अर्धा खाल्लेला. पण भात ती झाकण उभं धरून, त्याच्याआड खात होती. ओठ मिटून. गुणगुण नाही.

एकदा खोटा भाव दिला की गिऱ्हाईक वर्षभर गाळ्यासमोरून मान फिरवून जातं. मी ओळखतो ही चाल. गिऱ्हाईकाच्या मागे धावायचं नसतं. रोज गाळा उघडायचा, झाडायचा, माल मांडायचा आणि बसायचं. फार दमवणारं काम आहे ते. ओझं उचलण्यापेक्षा दमवणारं.

बेकरी. लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठं सांगणार.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

आज विचारलं, "असं कोणतं खाणं आहे ज्याला आवाजच नाही?"

"केळं!" "टोमॅटो!" "अंडं!" ओरडाआरडा. वकीलबाईनं बोट वर केलं. "भात. भाताला आवाज नसतो."

"असतो," मी म्हटलं. "मी ऐकलाय."

सगळ्यांनी डोळे मिटले, कान टवकारले. मी खारूताईकडे पाहिलं नाही, फळ्याकडे पाहत उभा राहिलो. काही नाही. पंख्याची खटखट. पैलवान म्हणाला, "आजोबा, फेकताय." हशा झाला, खेळ मोडला, पोरं आपापल्या डब्यांकडे वळली. ठीक आहे, म्हटलं. आज गाळा उघडला, एवढं पुरे. पिशवी भरायला घेतली. खांदे असे दुखत होते, की वाटलं थोरलीला सांगावं, आता दुसरा कुणी बघ.

पोरं बडबडत होती, गाजरं मोडत होती, डब्यांची झाकणं आपटत होती. झाकणं आडवी पडलेली, उभी कुणाचीच नाहीत. आणि त्या सगळ्याच्या खालून, बारीक, भुंग्यासारखी.

मी वळलो नाही. वर्गबाईंनाही ऐकू आलं असावं. चष्मा काढून हातात धरून त्या उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि पंखा बंद केला.

घास संपला, बंद. पुढचा घास, सुरू. मी पिशवीचा बंद बांधत उभा होतो, सोडत होतो, परत बांधत होतो. डबा संपेपर्यंत. उकाड्यानं सगळी घामाघूम झाली, पण पंख्याचं कुणी नाव काढलं नाही.

बेकरीत गेलो नाही. खरं सांगायचं तर विसरलो.

संध्याकाळी जेवायला बसलो. हिनं धुवायला काढलेला रुमाल वर धरला. "याला हे नारिंगी डाग कसले?" "पोरांच्या बोटांचे, गाजराचे," म्हटलं, आणि मग सगळं सांगितलं. रुमालाखालचा सौदा, पाच बोटं, दुसरा हात, आजची गुणगुण. ही ऐकत राहिली. भाजी वाढायची थांबली. मग हात पदराला पुसला, रुमाल माझ्या हातावर टाकला आणि आपला हात खाली घातला.

"सांगा. या आठवड्यात क्रीमरोल किती?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या बाईनं माझ्याशी असा सौदा कधी केला नव्हता. मी दोन बोटं दाबली.

"बेकरीवाला तीन म्हणाला."

मी तिसरं दाबलं.

तिनं हात काढून घेतला, रुमालाची घडी केली. तक्त्याकडे बघितलंसुद्धा नाही. पातेल्यातला चमचाभर भात माझ्या ताटात वाढला आणि म्हणाली, "जेवा. शाळेतून येताना वाटेत ती बेकरी लागते ना? सोमवारपासून मी फाटकाशी येते. दोघं चालत येऊ."